निळ्या टोपणाची नळी

"ही टाकूनच द्यायची ना, मॅडम?"

गंधालीने चिमट्यात धरलेली कुपी खिडकीच्या उजेडात उंचावली. बोटाच्या पेराएवढी कुपी, खोल फ्रीझरमधून आत्ताच बाहेर आलेली, अंगावर पांढरं बर्फ धरलेलं. "कॉम्प्युटरवर हिच्यापुढे 'बाद' असा शेरा आहे. आणताना हलली म्हणून. तुम्हीच टाकलाय."

सुहासिनीच्या हातात कोरड्या बर्फाचा डबा होता. कुपीवरचा नंबर वाचायला तिला चष्मा लागला नाही.

"ठेव ती."

"पण सर म्हणाले, बाद झालेल्या आधी काढा. दिवाळीच्या आत फ्रीझर रिकामा करून द्यायचाय ना त्यांना..."

"गंधाली, ठेव म्हटलं ना! इथे बर्फात ठेव."

गंधालीने कुपी बर्फात ठेवली. उन्हाळ्यात रुजू झालेली ही संशोधक मुलगी. सुहासिनी मॅडमचा आवाज चढतो हेच तिला ठाऊक नव्हतं. अंधेरीच्या त्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सुहासिनी म्हणजे सगळ्यात जुनी टेक्निशियन. रक्त द्यायचं तर मॅडमच्याच हातून, असा पेशंट लोक हट्ट धरायचे. सुई कधी गेली नि कधी निघाली, कळायचंसुद्धा नाही. रडणारी पोरं तिच्यापुढे रडायची विसरत. अशा बाईचा आवाज आज एवढ्याशा कुपीवरून चढला होता.

"माझ्या भावाचं रक्त आहे ते," सुहासिनी म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "गेला तो. फेब्रुवारीत. हार्ट अटॅक."

"सॉरी मॅडम. मला खरंच माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? तू तेव्हा कुठे होतीस."

कुपी बर्फात रुतून बसली. तिच्यात काय होतं म्हणाल, तर चमचाभरही नाही असं पिवळसर पाणी. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की उरतं ते. पण त्या पाण्याकडे बघवेना तेव्हा सुहासिनीने डब्याचं झाकण लावून टाकलं.

*

गेल्या वर्षीची भाऊबीज. साकीनाक्याला भाऊच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, पाटाभोवती वहिनीने रांगोळी काढलेली. भाऊ पाटावर बसलेला, डोक्यावर टोपी म्हणून हातरुमाल. टोपी दरवर्षी शोधायची आणि दरवर्षी ती सापडायची नाही, हा त्या घरचा रिवाजच होता.

सुहासिनीपेक्षा तो नऊ वर्षांनी मोठा. साकीनाक्यावरच एका गाळ्यात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं काम. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांच्या मोटरी जळल्या की त्याच्याकडे यायच्या. आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार हाताने गुंडाळायची, दिवसभर मान खाली. बोलायला तसा कमीच. लग्न मोडून सुहासिनी बॅग घेऊन परत आली, तेव्हा दार त्यानेच उघडलं होतं. काय झालं, का झालं, एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळी आतल्या खोलीत नवा पंखा लावला आणि म्हणाला, "स्पीड बघ गं, झोप लागेल ना?" एवढंच. पुढे तिने मरोळला स्वतःची खोली घेतली, तेव्हाही पंखा त्यानेच आणून लावला. आपल्या भावाला आपण काय दिलं, असं कधी मनात आलं की सुहासिनीला काही म्हणता काही आठवत नसे. त्याला काही लागायचंच नाही.

निरांजन ओवाळून झालं, अक्षता पडल्या. भाऊने खिशात हात घातला.

"थांब, भाऊ. यंदा पैसे नकोत. रक्त दे."

"अगं, बहीण आहेस की सावकार?"

स्वयंपाकघरातून वहिनीचं हसणं ऐकू आलं. पण सुहासिनी खरंच बोलत होती. लॅबच्या अभ्यासाचं घोडं तिथेच अडलं होतं. हृदयाचे पेशंट हवे तेवढे मिळायचे, हॉस्पिटल त्यांनी भरलेलंच. पण साठीच्या आसपासचा, कुठलंही औषध चालू नसलेला, धडधाकट माणूस मुंबईत शोधायचा म्हणजे चेष्टा नव्हे. भाऊ तसा होता. बीपी नाही, शुगर नाही, विडी-सुपारी नाही.

"कशाला पण? काय बघता तुम्ही रक्तात?"

"आपल्या रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं ना, ते झिजायला लागलं की त्याच्या पेशींचे बारीक कण सुटतात. रक्तात फिरत राहतात. इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपमधूनही दिसत नाहीत. ते मोजले तर अटॅक यायच्या आधीच धोका कळतो का, ते आमचे सर शोधतायत."

भाऊने क्षणभर विचार केला. "म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलासारखं."

"आता हे काय मध्येच?"

"अगं, तेल काढून बोटावर घ्यायचं. चकाकलं की समजायचं, आत बेअरिंग खातंय. मशीन तर मस्त चालू असतं हां, आवाज नाही, काही नाही. पण तेल सांगतं."

"अगदी तस्सं! भाऊ, सरांना सुद्धा इतकं सोपं सांगता येत नाही रे."

"मग घे. घे बाई काय घ्यायचं ते." त्याने बाही वर केली, आणि तोंड मात्र खिडकीकडे फिरवलं. एकट्याने मोटरी उचलून टेम्पोत चढवणारा हा माणूस, पण सुईला लहानपणापासून घाबरायचा. शाळेत लस टोचायला आले की मागच्या भिंतीवरून उडी मारून पसार व्हायचा. "झालं का? सुहास, झालं का गं?"

"अजून टोचलं पण नाही!"

तिने सोबत आणलेल्या निळ्या टोपणाच्या नळीत रक्त चढलं. दंडाचा पट्टा सोडला आणि सुहासिनीने वर पाहिलं, तर भाऊचा चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम. ओठ सुकलेले. वहिनी धावत आली, त्याला आडवा केला, पायाखाली उशा घातल्या, वर्तमानपत्राने वारा घातला. चार मिनिटांत तो ठीक झाला, उठून करंजीही खाल्ली. "ओवाळणी महागात पडली बुवा," म्हणाला. पण तो पांढरा चेहरा सुहासिनीच्या डोळ्यांपुढून हलेना. सबंध आयुष्यात तिने हजारो लोकांना टोचलं असेल, कुणाचं घेरी येणं तिला असं लागलं नव्हतं.

या कणांच्या तपासणीची एक रीत आहे. नळी आडवी करायची नाही, हलवायची नाही, धक्का लागू द्यायचा नाही आणि लवकरात लवकर लॅबमध्ये पोचवायची. कारण रक्तातल्या प्लेटलेट भारी नाजूक. नळी हिंदकळली की त्या फुटतात आणि त्यांचेच कण होतात. मग माणसाच्या अंगात झिजलेले कोणते आणि रस्त्यात फुटलेले कोणते, काही सांगता येत नाही. सुहासिनीने नळी डब्यात उभी बसवली, डबा मांडीवर घेतला आणि रिक्षात बसली. मेट्रो वरून जात होती, दोन-तीन स्टेशनांचा तर प्रश्न. पण सणाची गर्दी, बॅग तपासायची रांग, त्यापेक्षा रिक्षा बरी असं तिला वाटलं. मरोळकडे जाणारा रस्ता खणून ठेवलेला. "भय्या, हळू चला, हळू," म्हणेपर्यंत रिक्षा एका खड्ड्यात अशी आदळली की डबा तिच्या मांडीवरून उडाला. तिने तो हवेतच झेलला.

झाली वाट, असं तिला तेव्हाच वाटलं.

आणि चार दिवसांनी मशीनवर आकडा आला तो तसाच. धडधाकट माणसांचे आकडे एकीकडे, आणि भाऊचा थेट बायपास झालेल्यांच्या रांगेत. सुहासिनीने आकडा दोनदा तपासून पाहिला. मग तिला खड्डा आठवला आणि ती निर्धास्त झाली. हललंय सॅम्पल. दुसरं काय असणार? भाऊला काय धाड भरलीय! तिने 'बाद' असा शेरा टाकला. नियमच तसा होता, शंका आली की बाद करायचं आणि पुन्हा घ्यायचं.

"भाऊ, ते हललं रे रस्त्यात. पुन्हा घ्यावं लागेल."

"ये की केव्हाही," फोनवर भाऊ म्हणाला. मग थोडं थांबून, "एकदाच ना पण?"

त्या थांबण्याने सगळं बिघडवलं.

पुढच्या रविवारी ती सुई, पट्टा आणि निळ्या टोपणाची कोरी नळी घेऊन गेलीसुद्धा. भाऊ नुकताच जेवून पडला होता. त्याला उठवायचं आणि टोचायचं तिच्या जिवावर आलं. सगळं सामान कागदी पिशवीत घालून तिथेच शोकेसच्या खणात ठेवून ती परत आली. राहू दे इथेच, पुढच्या खेपेला घेऊ. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेली तर भाऊने आपणहून बाही वर केली. "टोचायचंय का आज?" हसत होता, पण नजर खिडकीकडे वळायला लागलेली. चेहरा जरा उतरलेला वाटला. तिने त्याची बाही खाली ओढली. "नको रे, सणावारी कुठे. पुढच्या खेपेला."

परक्या माणसाला तिने एवढी सूट दिली असती का? छे! बाद झालेल्या प्रत्येक माणसाला तिने फोन करून, मागे लागून, दुसऱ्यांदा बोलावलं होतं. भाऊला तेवढं सोडलं. लाडका म्हणून सोडलं.

फेब्रुवारीत एका दुपारी गाळ्यात स्टुलावर बसल्या बसल्या भाऊ गेला. शेजारच्या गाळ्यातल्या धवलने पाहिलं तेव्हा मान नेहमीसारखीच खाली होती, म्हणून बराच वेळ कुणाला कळलंही नाही. हातात तांब्याची तार तशीच होती.

*

"मॅडम, एक बोलू?" दुसऱ्या दिवशी गंधाली चहाचे दोन कप घेऊन आली. "काल तुम्ही रिक्षाचं सांगितलंत ना. तुमच्या भावाचं सॅम्पल घेतलं तेव्हा आपण नुसते कण मोजत होतो. ते कुठून आले, ते नाही. आता दोन रंग आलेत ना आपल्याकडे. एक प्लेटलेटच्या कणांना चिकटतो, दुसरा अस्तराच्या. कुपीत आहे तेवढं पुरेल."

सुहासिनीला ते कालच, कुपी दिसली त्याच क्षणी सुचलं होतं. रात्रभर तिने त्याच्याशिवाय दुसरा विचार केला नव्हता.

"प्लेटलेटचे निघाले तर रिक्षाचा दोष," गंधाली म्हणाली. "मग तुम्ही बाद केलं ते बरोबरच. तुम्हाला तेवढंच बरं वाटेल, म्हणून म्हटलं."

"आणि अस्तराचे निघाले तर?"

गंधालीने कप खाली ठेवला. "तर... मॅडम, राहू दे मग. नका करू. टाकून देऊ या आपण. खरंच."

टाकून दिलं तर काय होईल, तेही सुहासिनीला ठाऊक होतं. मग जन्मभर खड्ड्यावर ढकलायचं. खड्डा होताच, खोटं काही नव्हतं त्यात. तसंच ती आठ महिने जगली होती. पण रोज सकाळी दात घासताना तोच प्रश्न समोर उभा राहायचा, आणि रोज तीच उलटतपासणी. याहून खरं कळलेलं बरं. आणि दुसरंही एक होतं, ते ती गंधालीजवळ बोलली नाही. भाऊने ओवाळणीत ते रक्त दिलं होतं. सुईला एवढं घाबरून दिलं होतं. ते न बघता कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं म्हणजे त्याची ओवाळणी उकिरड्यावर टाकण्यासारखं होतं.

"करू या," ती म्हणाली. "मी करते. तू फक्त बाजूला बस."

कुपी हातात धरून तिने ती उबेने वितळू दिली. रंग घातले, अंधारात ठेवली, मशीनला लावली. लेझरच्या उजेडातून एकेक कण जायला लागला आणि पडद्यावर ठिपके उमटायला लागले. प्लेटलेटचे लाल, अस्तराचे हिरवे.

आधी थोडे लाल आले. सुहासिनीने श्वास सोडला. खड्ड्याने काहीच केलं नव्हतं असं नाही. मग हिरवे यायला लागले. येतच राहिले. पडद्याचा उजवा कोपरा हिरव्या चुऱ्याने भरून गेला आणि लाल त्यात कुठल्या कुठे हरवले. भाऊच्या तेलात चकाकी होती. भाऊबिजेच्या दिवशी, पाटावर हसत बसला होता तेव्हाही होती.

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, मॅडम," गंधाली घाईघाईने म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "असे आकडे असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात. आणि हा नुसता अभ्यास होता. रिपोर्ट द्यायचाच नव्हता आपण कुणाला."

"मला कुठे काय सिद्ध करायचंय गं."

"आणि सांगितलं असतं तरी पुरुष माणसं ऐकतात का? माझे बाबा बघा. तपासणी म्हटली की..."

"त्याने ऐकलं असतं." सुहासिनीने चष्मा काढला. "जो उठतो तो मला हेच सांगतो, ऐकलं नसतं म्हणून. माझं ऐकलं असतं गं त्याने! मी म्हटलं रक्त दे, दिलं त्याने. मी म्हटलं असतं चल, इथे वर ये, छातीची पट्टी काढू, तर स्कूटरला किक मारून आला असता. नुसतं चल म्हणायचं होतं मी." आणि मग ती लॅबमध्ये, मशीनच्या घरघरीत, पहिल्यांदाच मोठ्याने रडली. गंधाली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळाने सुहासिनीने तोंड धुतलं. कॉम्प्युटरवर भाऊचा नंबर उघडून 'बाद' हा शेरा खोडला आणि 'ग्राह्य' असं लिहिलं. 'पुढे काय झालं' या रकान्यात त्याच्या जाण्याची तारीख घातली. मग कुपीत उरलेला थेंब तिने नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत टाकला, आपल्याच हाताने.

*

यंदाच्या भाऊबिजेला जायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. पण सकाळीच वहिनीचा फोन आला. "सुहास, जेवायला ये. मला एकटीला घास उतरत नाही गं सणाचा."

ती मेट्रोने गेली. साकीनाक्याला उतरून भाऊच्या गाळ्यावरून चालत गेली. शटर खाली होतं. फटाक्यांचे लाल कागद त्याच्या पायाशी साचले होते.

वहिनीने पाट मांडला नव्हता, रांगोळीही नव्हती. तिच्या हातात भाऊचं घड्याळ होतं. पट्टा ढिला म्हणून तिने ते पार कोपराकडे चढवलं होतं. दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. वहिनी अनारसे तळत होती. ते तिला कधी जमले नव्हते, आजही फसफसत होते. भाऊ असता तर चेष्टा करून भंडावून सोडलं असतं.

"तुला एक द्यायचंय," वहिनी हात पुसत म्हणाली. "तुझंच आहे. वर्षभर इथेच पडलंय."

तिने बाहेर जाऊन शोकेसचा खण उघडला आणि कागदी पिशवी आणून सुहासिनीच्या हातात दिली. सुई, पट्टा, निळ्या टोपणाची कोरी नळी. आवरण अजून फोडलेलंही नव्हतं.

"मी कितीदा म्हटलं, उचलून ठेवते वर. तर हे हात लावू देतील तर शपथ! म्हणायचे, सुहास केव्हाही येईल, तिला शोधायला लागता कामा नये."

"वहिनी..."

"अगं, संक्रांतीनंतर जिना चढताना थांबायला लागले होते. दुसऱ्या मजल्यावर उभे राहायचे आणि म्हणायचे, हा बल्ब बदलायला पाहिजे. रोज तोच बल्ब! मला काय कळत नव्हतं? डॉक्टरकडे चला म्हणून मी मागे लागले. तर म्हणाले, डॉक्टर काय करणार, आधी रक्तच तपासणार ना. सुहास येणारच आहे घ्यायला. तिच्या हातून एकदाच होऊ दे, दोनदा कोण टोचून घेणार." वहिनी हसली, आणि हसतानाच तिचा आवाज फाटला. "लहान पोरासारखे होते गं सुईच्या बाबतीत. तुझा हात हलका, म्हणायचे. तुझी वाट बघत होते."

सुहासिनी खालीच बसली, फरशीवर, ओट्याला पाठ टेकून. आठ महिने तिला वाटत होतं की तिने भाऊला एका टोचण्यातून वाचवलं. आणि तो तर बाही वर करून बसला होता.

"वहिनी, मी तुला एक सांगितलं नाही." आता थांबायचं नव्हतं. "पहिल्या वेळचा आकडा वाईट आला होता. फार वाईट. मला वाटलं, रिक्षात हललं. मी ते बाद करून टाकलं. आणि पुन्हा घ्यायला आले, तर त्याचा तो पांढरा चेहरा आठवायचा. नको वाटायचं मला. आता पुन्हा बघितलं मी, मागच्या आठवड्यात. हलल्यामुळे नव्हतं गं ते. खरंच होतं." तिने नळी घट्ट धरली. "मी यायला हवं होतं."

कढईतला अनारसा करपला. वहिनीने गॅस बंद केला. ओट्याकडे तोंड करून ती हातातलं घड्याळ वरखाली करत राहिली. खाली कुणीतरी लवंगी माळ लावली, ती तडतडून संपली.

"हो," वहिनी म्हणाली. "यायला हवं होतंस."

तिने 'जाऊ दे' म्हटलं नाही, 'तुझा काय दोष' असंही म्हटलं नाही. सुहासिनीला त्याचंच बरं वाटलं. आजवर सगळ्यांनी तिला समजावलं होतं, भाऊसाठी तिला कुणी रागावलंच नव्हतं.

मग वहिनी वळली. डोळे लाल झालेले, पण आवाज नेहमीचा. "आणि मी ओढून न्यायला हवं होतं. बल्बचं ऐकत बसले." तिने फडताळातून दोन ताटं काढली. जरा थांबून भिंतीला उभा करून ठेवलेला पाटही काढला आणि सुहासिनीच्या पुढ्यात आडवा घातला. "ऊठ. फरशी गार आहे. बस यावर, वाढते."

"भाऊच्या पाटावर?"

"मग कुणासाठी ठेवू तो?"

सुहासिनी उठली. हातातली पिशवी कुठे ठेवावी, तिला कळेना. नळीची मुदत केव्हाच संपली होती, आता ती कुणाच्याच कामाची नव्हती. वहिनी भात वाढायला वळली तेव्हा तिने ओट्यावरचा स्टीलचा पेला पुढे ओढला, नळी आवरणातून काढली आणि त्यात हलकेच, अजिबात धक्का न लागू देता, उभी करून ठेवली.